क्रेडिट कार्डाचे पैसे थकले आहेत : बँकेशी बोलायचे केव्हा, कसे आणि किती आकड्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडला शालेय गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना. तीन क्रेडिट कार्डे : पहिल्यावर १,४०,०००, दुसऱ्यावर ९५,०००, तिसऱ्यावर १,६५,०००, म्हणजे एकूण चार लाख. पहिल्या आणि तिसऱ्या कार्डाची मिनिमम (बिलातली दरमहा किमान भरावी लागणारी रक्कम) डिसेंबरपासून भरलेली नाही. दुसऱ्याची या महिन्याची तारीख नुकतीच चुकली. सध्या फेब्रुवारी आहे आणि गणवेशाचे येणे जून-जुलैशिवाय हातात पडणार नाही. दिवसाला दहा-बारा फोन येतात. एक जण पोलिसांत देतो म्हणतो, दुसरा म्हणतो, आजच्या आज ६०,००० यूपीआयने पाठवा, खाते बंद करून देतो. मेहुणे म्हणतात पतसंस्थेतून कर्ज काढू, जामीन मी राहतो. काय करावे?

आधी काय करू नये ते सांगतो, कारण या आठवड्यात त्यानेच जास्त नुकसान होऊ शकते. ते ६०,००० पाठवू नका. मेहुण्यांना जामीन ठेवू नका. आणि हाताशी असलेली थोडीफार रक्कम तिन्ही कार्डांवर वाटून भरू नका.

पतसंस्थेचे आधी बघू. कार्डाचे देणे विनातारण असते. त्यापोटी तुमचे घर, यंत्रे किंवा सोने कोणाकडे गहाण नाही आणि तुमच्याशिवाय कोणी बांधील नाही. तेच देणे पतसंस्थेच्या कर्जातून फेडले की त्याला जामीनदार चिकटतो. हप्ता चुकला तर सहकार कायद्याखाली वसुलीचा दाखला निघतो आणि वसुली मेहुण्यांच्या पगारापर्यंत पोचते. व्याज कमी झाले तरी एका माणसाची अडचण दोन घरांची होते. खासगी सावकाराचे तर नावच नको. त्याच्याकडे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खालचा परवाना आहे का, हे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारता येते. परवाना नसेल तर तक्रारही तिथेच करायची. घरातले सोने बँकेत ठेवून कर्ज काढण्याचा पर्याय थोडा वेगळा आहे. त्याचे व्याज कार्डाच्या व्याजाच्या निम्म्याहून कमी पडते. पण कर्जाची मुदत गणवेशाच्या येण्याच्या पुढे जात असेल आणि सोडवायचा पैसा कुठून येणार हे कागदावर मांडता येत असेल, तरच त्याचा विचार करावा.

आता चार लाख कसे वाढतात ते पाहा. कार्डाचा व्याजदर सहसा महिन्याला ३ ते ३.७५ टक्के असतो, वर्षाला ३६ ते ४५. पहिल्या कार्डावर ३.५ टक्के धरले तर १,४०,००० वर महिन्याचे व्याज ४,९०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ८८२, मिळून ५,७८२. मिनिमम पाच टक्के धरली तर ७,०००. म्हणजे सात हजार भरूनही मूळ रकमेतून फक्त १,२१८ वजा होतात. तारीख चुकली की विलंब शुल्क वेगळे आणि त्यावरही जीएसटी. शिवाय मागचे बिल पूर्ण भरलेले नसताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. म्हणून आजपासून तिन्ही कार्डे वापरणे बंद. दुकानात कार्ड घासून दोन-अडीच टक्के कापून रोख घ्यायची आणि दुसऱ्या कार्डाचे बिल भरायचे, हा बाजारपेठेत सर्रास चालणारा प्रकारही बंद. अडीच टक्क्यांनी १,४०,००० फिरवले तर एका फेरीला ३,५०० जातात आणि देणे तेवढेच राहते. बँकेच्या नोंदीत असे व्यवहार दिसतात. पुढे तडजोडीच्या वेळी "धंदा अडकला म्हणून थकले" या तुमच्या म्हणण्यावर त्यामुळेच शंका घेतली जाते.

व्याजाबद्दल एक जुना समज अजून फिरतो. ३० टक्क्यांहून जास्त व्याज बेकायदा आहे, असे ग्राहक आयोगाने म्हटल्याचा संदेश लोक बँकेला पाठवतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा तो निकाल २००८ चा होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यावर वाद घालून वेळ जातो, हाती काही लागत नाही. त्याऐवजी रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे दोन नियम कामाचे आहेत. न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही. आणि विलंब शुल्क तारखेनंतर राहिलेल्या रकमेवरच आकारता येते, पूर्ण बिलावर नाही. मागच्या सहा महिन्यांची स्टेटमेंट काढून या दोन गोष्टी तपासा. चूक सापडली तर ती रक्कम लेखी मागा. तडजोडीत तो तुमचा पक्का मुद्दा होतो.

तडजोडीचा आकडा फोनवरच्या माणसाने ठरवायचा नसतो, तो तुमच्या वहीतून निघाला पाहिजे. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मांडणी अशी होते. महिन्याची सरासरी मिळकत ३८,०००. घरभाडे ६,५००, किराणा आणि गॅस ९,०००, मुलांची फी ३,०००, वीज-पाणी १,८००, औषधे १,७००, पेट्रोल २,००० : बेरीज २४,०००. शिलाई यंत्रांच्या कर्जाचा हप्ता ५,५००. उरले ८,५००. त्यातले १,५०० आजारपण-अडचणीला बाजूला ठेवा, कारण ते ठेवले नाहीत तर तिसऱ्या महिन्यात तडजोड मोडते. म्हणजे कार्डांसाठी महिन्याला ७,०००. तिन्हींची मिनिमम सुमारे २०,००० होते. जून-जुलैत येणे २,५०,०००. त्यातून कापडवाल्याचे देणे आणि शिलाईची मजुरी गेल्यावर हातात १,३०,०००. यंत्रांचा हप्ता आणि मजुरी कार्डांच्या आधी. यंत्रे तारण आहेत, ती ओढून नेली तर जूनमध्ये येणारा पैसाच बुडेल.

सात हजार तिन्हीकडे वाटले तर कुठेही मिनिमम पूर्ण होत नाही, तिन्ही खाती थकीतच राहतात आणि दर महिन्याचे सात हजार व्याजात विरून जातात. थकलेल्या माणसांच्या हातून सगळ्यांत जास्त वेळा हीच चूक होते, तीही प्रामाणिकपणापोटी. सगळ्यांना थोडे थोडे दिले की फोन थांबतील असे वाटते. थांबत नाहीत.

म्हणून दुसरे कार्ड वाचवायचे. ते नुकतेच चुकले आहे. या आठवड्यात त्याची मिनिमम पूर्ण भरा. थकबाकी क्रेडिट ब्युरोला (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीला) कळवणे आणि दंड लावणे हे तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्यावरच करता येते, आणि तुमचे ते दिवस उलटले आहेत. तरी एका महिन्याची चूक पुढे भरून निघते. मिनिमम भरल्यावर त्याच दिवशी पूर्ण थकबाकी हप्त्यांत बदलून मागा. बोलताना "सेटलमेंट", म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रकमेत मिटवण्याची तडजोड, हा शब्द वापरू नका. "पूर्ण रक्कम भरणार आहे, मुदत हवी आहे" असे सांगा. ९५,००० रुपये दीड टक्का महिन्याने २४ महिन्यांत फेडायचे तर हप्ता सुमारे ४,७४३ येतो आणि व्याजावरच्या जीएसटीमुळे सुरुवातीला पाच हजारांच्या आसपास पडतो. ३६ महिन्यांचा घेतला तर ३,४३५ अधिक जीएसटी. आज २४ पेलते, पण ३६ मागा आणि मुदतीआधी फेडायचे शुल्क किती ते विचारून घ्या. हप्त्यांत बदलण्याचे प्रक्रिया शुल्क, दर आणि एकूण व्याज मेलवर येईपर्यंत फोनवर होकार देऊ नका. खाते जास्त थकले की बँकेची यंत्रणा हा पर्याय सहसा दाखवतच नाही, म्हणून इथे घाई हवी.

पहिले आणि तिसरे कार्ड पूर्ण फेडणे तुमच्या वहीत बसत नाही. ४८ महिन्यांचे हप्ते धरले तरी दोन्हींचे मिळून नऊ हजार होतात, आणि तुमच्याकडे दुसऱ्या कार्डाचा हप्ता जाऊन दोन हजार उरतात. या दोन्हींच्या बँकांना आत्ताच लेखी कळवायचे, पैसे मात्र साठवायचे. इथे तारखा नीट समजून घ्या. स्टेटमेंटवरच्या देय तारखेपासून ९० दिवसांत मिनिमम पूर्ण भरली नाही तर कार्डाचे खाते एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात अनुत्पादक कर्ज, होते. देय तारीख १८ डिसेंबर असेल तर १८ मार्च. त्याआधी आणि मार्चअखेरीस वसुलीचा जोर सर्वांत जास्त असतो, "आज शेवटची संधी" असे निरोप तेव्हाच येतात. पुढे साधारण १८० दिवसांनी बऱ्याच बँका अशी खाती राइट ऑफ करतात, म्हणजे तुमच्या बाबतीत जूनच्या मध्याला. राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. बँकेच्या हिशेबातली ती नोंद आहे, वसुलीचा हक्क तसाच राहतो. पण त्या सुमारास एकरकमी घेऊन मिटवायची बँकेची तयारी वाढते, ३० जूनला तिमाही संपते आणि तुमचे गणवेशाचे पैसेही तेव्हाच येतात. हा मेळ तुमच्या फायद्याचा आहे. मार्चच्या ओरडीला घाबरून उसनवारी करू नका.

याची किंमत मोजावी लागते, तीही स्पष्ट सांगतो. एनपीएची नोंद सिबिलला जाते. मीटर चालूच राहते, त्यामुळे पहिल्या कार्डाचा दाखवलेला आकडा जूनपर्यंत १,७०,००० च्या आसपास जाईल. तडजोड झाल्यावर अहवालात "सेटल्ड" असा शेरा येतो आणि तो काही वर्षे दिसत राहतो. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक किमान १२ महिने नवे कर्ज देऊ शकत नाही, आणि बाकीच्या बँका त्याहून कडक वागतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत घरकर्ज घ्यायचे ठरलेले असेल तर हा मार्ग निवडण्याआधी पुन्हा विचार करा. तुमच्या वहीप्रमाणे मात्र दुसरा खरा पर्याय दिसत नाही.

आणखी एक काम याच आठवड्यात करायचे. तुमचे चालू खाते पहिल्या कार्डाच्याच बँकेत आहे. कार्डाच्या अटींत सहसा असे लिहिलेले असते की त्याच बँकेतल्या खात्यातली शिल्लक थकबाकीपोटी वळती करता येईल. जूनमध्ये दुकानदारांचे पैसे तिथे जमा झाले आणि बँकेने ते कार्डाकडे वळवले तर मजुरी देता येणार नाही. दुसऱ्या बँकेत खाते उघडा आणि दुकानदारांना नवा खाते क्रमांक द्या. कार्डाच्या बिलासाठी खात्यातून आपोआप कपात लावली असेल तर ती बंद करा.

आता पत्र. ते ई-मेलने ग्राहक सेवा, तक्रार अधिकारी आणि प्रिन्सिपल नोडल ऑफिसर या तिघांना एकाच वेळी पाठवा. पत्ते बँकेच्या संकेतस्थळावर असतात. छापील प्रत स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. स्थानिक शाखा "कार्डाचे आमच्याकडे नसते" असे म्हणेल. तरी एक प्रत देऊन शिक्क्यासह पोच घ्या. मजकूर असा पुरेसा आहे :

"विषय : कार्ड क्रमांक (शेवटचे चार अंक) – आर्थिक अडचण व परतफेडीचा प्रस्ताव.
माझा सोलापूर येथे गणवेश शिलाईचा व्यवसाय आहे. येणे थकल्यामुळे डिसेंबरपासून मला मिनिमम रक्कम भरता आलेली नाही. महिन्याच्या मिळकतीचा व खर्चाचा तक्ता आणि बँक खात्याचे सहा महिन्यांचे उतारे जोडले आहेत. कृपया (१) आजच्या थकबाकीची फोड – खरेदीची मूळ रक्कम, व्याज, विलंब शुल्क व जीएसटी वेगवेगळे – लेखी द्यावी. (२) व्याज व शुल्क आकारणी थांबवण्याचा विचार करावा. (३) ३० जूनपर्यंत एकरकमी तडजोडीसाठी माझ्याशी लेखी संपर्क करावा. वसुली एजन्सी नेमली असल्यास तिचे नाव व अधिकारपत्र कळवावे. हे पत्र माझे सर्व हक्क अबाधित राखून देत आहे."

पत्रात आकडा लिहिला नाही, ते मुद्दाम. आधी फोड येऊ द्या. १,४०,००० मध्ये न फेडलेली खरेदी किती आणि व्याज-शुल्क किती, हे कळल्याशिवाय बोलण्याला पाया नसतो. तक्ता मात्र खरा जोडा. त्यात फुगवलेला एक आकडा बँकेने उताऱ्यावरून पकडला की बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास जातो.

फोनवर रोज तेच तीन वाक्ये बोला : "माझा प्रस्ताव मेलवर आहे, क्रमांक अमुक. तुमचे नाव आणि एजन्सीचे अधिकारपत्र त्याच मेलवर पाठवा. मी फोनवर आकडा किंवा तारीख देणार नाही." तारखेचे फार महत्त्व आहे. "सोमवारी पाच हजार टाकतो" असे तुम्ही सुटका करून घेण्यासाठी बोलता. तिकडे तो शब्द संगणकात नोंदवला जातो आणि मोडला की खात्यावर तशी नोंद राहते. पुढे तडजोडीला मंजुरी देणारा अधिकारी तीच नोंद वाचतो. फोनची तारीख, वेळ, क्रमांक आणि बोलणाऱ्याचे नाव वहीत लिहा आणि कॉल रेकॉर्ड करून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाइकांच्या किंवा मित्रांच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ, मोबाईलवर आक्षेपार्ह संदेश यांना मनाई आहे. कारखान्यात कामगारांसमोर येऊन ओरडणे त्यातच बसते. घरी आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागा. ते नसेल तर दारातूनच परत पाठवा. कोर्टाच्या हुकमाशिवाय तुमची कोणतीही वस्तू उचलायचा अधिकार त्याला नाही. घरात बायकोला आणि आईला हे सगळे आज सांगा. "घरी कळवतो" ही धमकी घरच्यांना ठाऊक नसते तोवरच चालते.

नियम मोडला तर तक्रार आधी बँकेकडे करा, पुराव्यासह. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार प्रणालीवरून ऑनलाइन, विनाशुल्क. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण लोकपालाकडून काय मिळते आणि काय नाही हे ओळखा. छळ, चुकीची आकारणी, चुकीची सिबिल नोंद यावर तो दाद देतो. "माझे ६०,००० मध्ये मिटवून द्या" असा आदेश तो देत नाही, कारण तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. प्रत्यक्ष धमकी किंवा घरात घुसण्याचा प्रकार झाला तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

पोलिसांची धमकी. कार्डाचे पैसे देता न येणे हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी अटक होत नाही. मात्र दोन गोष्टींनी तो फौजदारी होऊ शकतो आणि दोन्ही तुमच्या हातात आहेत. तडजोडीसाठी पुढच्या तारखांचे चेक दिले आणि ते परत गेले, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. खात्यातून थेट कपातीचा आदेश दिला आणि शिल्लक नसल्याने तो फिरला, तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अधिनियम, २००७ चे कलम २५ जवळपास तसेच लागते. म्हणून वसुलीवाल्याने "सही करून तीन कोरे चेक द्या, फक्त फाइलला लावतो" म्हटले तर देऊ नका. असे चेक आधीच दिले असतील आणि नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायची मुदत असते. त्या दिवसांत वकील गाठा.

व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या "वॉरंट"ना उत्तर देऊ नका, पण कोर्टाचे समन्स, लवादाची नोटीस आणि वकिलाची नोटीस यांना प्रत्येक वेळी उत्तर द्या. कार्डाच्या करारात बहुधा लवादाचे कलम असते. बँकेने एकतर्फी लवाद नेमला तर त्या नेमणुकीला पहिल्याच उत्तरात लेखी हरकत घ्या. गप्प राहिलात तर तुमच्या गैरहजेरीत निवाडा होतो. दिवाणी दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी सूट (झटपट निकालाचा दावा) म्हणून आला तर समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. ही मुदत चुकते तेव्हा बचाव असूनही हुकूमनामा होतो. वकिलाची ऐपत नसेल तर सोलापूर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या किंवा विडी वळणाऱ्या घरांत हे फार कमी जणांना माहीत असते. हेल्पलाइन १५१००.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका आणि टाळूही नका. दावा दाखल होण्याआधीची प्रकरणेही तिथे ठेवतात, न गेल्यास शिक्षा नाही. पण बँकेचा मंजुरीचा अधिकार असलेला माणूस तिथे समोर बसतो, तो फोनवर कधीच भेटत नाही. तक्ता आणि स्टेटमेंट घेऊन जा. एकच सावधगिरी : तिथली सही हलक्याने करू नका. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. हप्ता चुकला की बँक थेट अंमलबजावणीला जाऊ शकते.

आता जूनची बोलणी. किती टक्क्यांत मिटते याचा ठरलेला दर नसतो. खाते किती जुने, मूळ रक्कम किती, बँक कोणती आणि पैसे एकरकमी की तुकड्यांत, यावर ते अवलंबून असते. जूनअखेर तुमच्याकडे दोन्ही कार्डांसाठी मिळून साधारण १,४०,००० असतील : गणवेशाचे १,३०,००० आणि मधल्या महिन्यांतले साठवलेले दहा हजार. पहिल्या कार्डावर ५०,००० पासून सुरुवात करा आणि ६५,००० वर थांबा. तिसऱ्यावर ५५,००० पासून ७५,००० पर्यंत. हे आकडे फुगलेल्या थकबाकीवरून काढलेले नाहीत, तुमच्या वहीतून आले आहेत. बोलतानाही तसेच सांगा. बँकेने पहिल्या फेरीत "थकबाकीच्या ७५ टक्के" म्हटले तर तक्ता पुन्हा दाखवा आणि एकरकमी, सात दिवसांत भरण्याची तयारी सांगा. आकडा खाली आणणारी गोष्ट तीच आहे. "सहा हप्त्यांत देतो" म्हटले की आकडा वर चढतो. दोन्ही एकाच आठवड्यात मिटली नाहीत तर ताणू नका. जे मिटते ते मिटवा, दुसरे सप्टेंबरच्या तिमाहीअखेर घ्या. दोन्हीकडे अर्धी रक्कम भरून ठेवणे सर्वांत वाईट. ठरलेली पूर्ण रक्कम तारखेला पोचली नाही की तडजोड रद्द होते, भरलेले पैसे व्याजात वळते होतात आणि जुने देणे पूर्ण उभे राहते.

पैसे भरण्याआधी सेटलमेंट लेटर हातात हवे. ते बँकेच्या लेटरहेडवर आणि बँकेच्या अधिकृत मेलवरून आलेले असावे, एजन्सीच्या जीमेलवरून नाही. त्यात तुमचे नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक, एकूण थकबाकी, तडजोडीची रक्कम, भरायची तारीख, कुठे भरायची ते, उरलेली रक्कम सोडून दिल्याचे स्पष्ट वाक्य आणि कोणतीही कोर्ट-लवाद कारवाई सुरू असेल तर ती मागे घेण्याची कबुली हवी. सही किंवा संदर्भ क्रमांक हवा. पत्र आले की ग्राहक सेवेच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करून संदर्भ क्रमांक खरा असल्याची खात्री करा. पैसे फक्त कार्डाच्या खात्यात भरा : बँकेच्या अॅपमधून, एनईएफटीने कार्ड क्रमांकावर किंवा शाखेत शिक्क्याच्या पावतीवर. तुम्हाला ६०,००० मागणाऱ्याने स्वतःचा यूपीआय दिला आहे. तिथे भरलेला पैसा बँकेच्या दृष्टीने भरलेलाच नसतो. टक्केवारी घेऊन "सगळी कार्डे मिटवून देतो" म्हणणाऱ्या संस्थांनाही आगाऊ फी देऊ नका. त्यांच्याकडे तुमच्याहून वेगळा कोणताही अधिकार नसतो आणि त्यांच्या फीच्या रकमेत एक कार्ड मिटू शकते.

मधल्या काळात बँकेने कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जे विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला) विकले असेल, तर नव्या कंपनीकडून हस्तांतराचे पत्र मागा आणि जुन्या बँकेला मेल करून खात्री करा. त्यानंतर बोलणी त्या कंपनीशी. तिने कर्ज दर्शनी रकमेपेक्षा कमी किमतीत घेतलेले असल्याने आकडा बऱ्याचदा आणखी खाली येतो.

तीन वर्षांच्या मुदतीबद्दलही लोक विचारतात. मुदत अधिनियमाप्रमाणे वसुलीचा दावा तीन वर्षांत करावा लागतो, पण मुदतीच्या आत लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली की मुदत नव्याने सुरू होते. सात-आठ वर्षांपूर्वीच्या कार्डासाठी अचानक फोन आला आणि "फक्त ५०० भरा" म्हणाले तर वकिलाला विचारल्याशिवाय काही भरू नका, काही लिहून देऊ नका. तुमचे देणे ताजे आहे, तुम्ही त्या भरवशावर बसू नका.

पैसे भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट (देणे बाकी नसल्याचा दाखला) लेखी मागा आणि कार्ड बंद करण्याची विनंतीही त्याच मेलमध्ये करा. देणे बाकी नसताना बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले नाही तर दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. दीड-दोन महिन्यांनी सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांचे अहवाल काढा. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तिथे थकबाकी शून्य दिसली पाहिजे. "राइट ऑफ" आणि रक्कम तशीच दिसत असेल तर सेटलमेंट लेटर आणि पावती जोडून दुरुस्ती मागा. ३० दिवसांत काम झाले नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. पुढे कधी हात मोकळा झाला आणि शेरा पुसायचा असेल, तर सोडून दिलेली रक्कम भरून "सेटल्ड"चे "क्लोज्ड" करून देण्याची विनंती त्याच बँकेला करता येते. तेही आधी लेखी मंजुरी घेऊनच. सेटलमेंट लेटर, भरल्याची पावती आणि नो ड्यूज, या तिन्हींच्या छापील प्रती घरात ठेवा आणि मेलवरचे मूळ संदेश पुसू नका. मिटलेले खाते चुकून दुसऱ्या एजन्सीच्या यादीत गेले की दोन वर्षांनीही फोन येतो, आणि तेव्हा हे तीन कागद मेलने पाठवले की विषय तिथेच थांबतो.